पापणी हलते तोवर

९ जानेवारी, दुपार

सूनबाई,

आशीर्वाद आधीच लिहून टाकते. पुढचं वाचून तू तो ठेवून घेशील की परत पाठवशील, सांगता येत नाही.

फोन केला की तू "आई, मी कामात आहे" म्हणतेस आणि ठेवतेस. पत्र असं मध्येच ठेवता येत नाही. म्हणजे ठेवता येतं, पण मला ते दिसत तरी नाही. माझं अक्षर तुला लागेल. पाळणाघराच्या फळ्यावर "बूट दाराबाहेर" असं आयुष्यभर लिहून ते गोल झालंय.

इकडे सगळं ठीक आहे. तुझा नवरा जेवतो, कामाला जातो, घरी येतो. झोपेचं विचारशील तर पहिल्यापेक्षा बरं आहे. परवा पहाटे त्याचा थोडा डोळाही लागला होता. फोन अजून उशाशीच असतो, पण त्याला तो तरी काय करणार? लिफ्ट काय घड्याळ बघून बिघडते? कंपनीने दोन माणसं काढली आणि त्यांच्या इमारती ह्याच्या गळ्यात बांधल्या. कुणी मधल्या मजल्यावर अडकलं की ह्याचा फोन वाजतो, आणि न वाजला तर हा वाजायची वाट बघत बसतो. नोकरी म्हटली की हे आलंच. त्यासाठी कुणी घर सोडून जात नाही.

तू म्हणालीस, रजा घे, डॉक्टरकडे चल, नाहीतर मी लेकीला, भिंगरीला घेऊन भावाकडे जाते. मी म्हटलं, जा. रागात माणूस "जा" म्हणतं तेव्हा त्याचा अर्थ जा असा नसतो, हे तुला कळायला नको होतं? चांगली शिकलेली आहेस. आणि तूही बॅग आधीच भरून ठेवली होतीस, ते मी पाहिलं होतं. म्हणजे दोघी सारख्याच.

मला राग आला तो त्या रक्तदाबाच्या यंत्राचा. तू लॅबमधून आल्या आल्या त्याच्या दंडाला पट्टा आवळायचीस आणि आकडा मोठ्याने वाचायचीस. दमून आलेल्या माणसाला घरात पाऊल टाकताच निकाल ऐकवायचा? आकडा ऐकून तर आणखी वाढणार तो. मी तुला म्हटलं, झोपेसाठी कुणी डॉक्टर करतं का? भुकेला कोंडा नि निजेला धोंडा. दमलेलं शरीर दगडावरसुद्धा झोपतं. आणि झोपवायचं कसं हे मला कुणी शिकवायचं? गिरणीतल्या बायका आपली पोरं माझ्या अंगावर टाकून कामावर जायच्या, तीस-तीस पोरं एका सतरंजीवर. रडकी, चावरी, आईसाठी जीव टाकणारी. दुपारी जेवणं झाली की खोलीत टाचणी पडली तर ऐकू यावी. माझ्या थोपटण्यावर झोपलं नाही असं पोर अजून जन्माला यायचंय.

तेव्हा तू जे बोललीस ते माझ्या मनात रुतून बसलंय. "आई, तुम्ही त्याला थोपटत नाही, थोपवता." वाक्य चांगलं जुळवलंस. दाद देते. पण लागलं.

तुला एक सांगते, कुणाला सांगितलेलं नाही. त्या सतरंजीवर शेवटची जागा ह्याची असायची. माझाच मुलगा, पण नंबर शेवटचा. कधीकधी मी त्याच्यापर्यंत पोचायचे तोवर हा डोळे मिटून गप पडलेला असायचा. आई दमली असेल म्हणून झोपेचं सोंग. पण माझ्यापुढे सोंग चालत नाही. खरंच झोपलेल्या मुलाची पापणी जड पडते. सोंग घेणाऱ्याची हलते, आतून कुणी दार ढकलत असल्यासारखी. पापणी हलते तोवर मी थोपटणं थांबवायचे नाही. असा झोपवलाय मी त्याला. तो आता माझ्याच घरात रात्रभर पलंगाच्या काठावर बसून असतो, हे मी लिहिणार नव्हते. लिहून झालंय, राहू दे.

तू ये. भिंगरीला घेऊन ये. तू गेल्यापासून त्याची झोप पार गेली, आणि ती तूच परत आणू शकतेस. एवढंच म्हणणं आहे. शाळेचं काय ते आपण बघू.

तुझी,
सासू (काय लिहायचं सुचलं नाही)


३१ जानेवारी, सकाळ

सूनबाई,

तुझी चिठ्ठी मिळाली. चिठ्ठी कसली, लॅबचा रिपोर्टच तो. "तो किती झोपतो? यंत्र लावलं का? वरचा आकडा कळवा. भिंगरी बरी आहे. तुम्हीपण झोपत जा." येणार की नाही त्याबद्दल एक अक्षर नाही. माझ्या पानभर लिहिण्याला ही एवढी परतफेड.

तर ऐक. यंत्र तू गेलीस त्या दिवशी मी कपाटावर टाकलं होतं, गाद्यांच्या मागे. तुझ्या चिठ्ठीनंतर काढलं. काढताना हातातून पडलं. त्यामुळे आता ते काहीही दाखवतं. त्याच्यावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही, म्हणून परत वर ठेवलं.

बाकी सगळं ठीक म्हणणार होते, पण तू काही भोळी नाहीस. लिहिते थोडंसं.

गेल्या आठवड्यात तो एका पायात काळा बूट आणि एका पायात तपकिरी बूट घालून कामावर गेला. आल्यावर मी हसले. तोही हसला. मग हसता हसता त्याचा चेहरा असा झाला की मी चहा टाकायच्या निमित्ताने आत गेले. त्याच दिवशी सिग्नलला स्कूटरवर त्याला पेंग आली. मागचा टेम्पोवाला शिव्या घालत होता तेव्हा जाग आली म्हणे. तो हे गंमत म्हणून सांगत होता. मी कपबशी जरा जोरात ठेवली तर अंगावर ओरडला, "हळू ठेवता येत नाही?" आयुष्यात मला कधी एका शब्दाने उलट न बोललेला पोरगा. नंतर येऊन माझ्या पायाशी बसला. तुझ्यावर ओरडायचा ना असाच? तू सांगितलं नाहीस कधी. तुमच्या खोलीतली भिंत कशाने फुटली होती हे मला आत्ता समजतंय. मी तुला विचारलं होतं तर तू म्हणालीस, खुर्ची लागली.

त्याला फोन वाजल्याचे भास होतात. जेवताना घास हातात धरून थांबतो. "वाजला का?" नाही रे बाबा. "नक्की?" अंघोळ करतानासुद्धा फोन खिडकीत. त्याच्या साहेबाला मी स्वतः फोन लावणार होते, म्हणणार होते, अहो माणूस आहे तो, लिफ्ट नाही. त्याने नंबर दिला नाही. म्हणाला, "आई, दोन जणांना काढलंय. तिसरा कोण, एवढंच बघतायत ते."

मी काय काय केलं नाही? डोक्याला तेल, गरम दूध, दिवा बारीक. शेवटी एकदा हट्टाने त्याला आडवं केलं आणि थोपटायला घेतलं. हसू नकोस. चाळिशीला आलेला दाढीवाला माणूस आणि त्याला थोपटणारी म्हातारी. चार-पाच थापा झाल्या असतील. तो ताडकन उठून बसला आणि उशीखाली चाचपू लागला. मी म्हटलं, काय झालं? म्हणाला, "आई, तुझा हात लागला की मला वाटतं फोन थरथरतोय."

माझा हात, सूनबाई. ह्याच हातावर माझं घर चाललं.

त्यानंतर मी त्याला हात लावलेला नाही. मी बाहेरच्या खोलीत पडून असते, तो आतल्या खोलीत. तो जागा, म्हणून मी जागी. मी जागी आहे हे त्याला कळतं, म्हणून तो खोकलासुद्धा दाबतो. आता समजतं, तू दोन वर्षं त्याच्या शेजारी कशी पडून राहत असशील.

लॅबमध्ये तुला चक्कर आली होती, हातातली सुई तुझ्याच बोटात गेली होती, तेव्हा मी म्हणाले होते, "नीट खात नाहीस." ते परत घेते. एवढंच परत घेते, बाकीचं नाही. तू यायला हवंस हे माझं म्हणणं कायम आहे.

डॉक्टरचं त्याच्याशी बोलले. तुझ्यासाठी बोलले, मला पटलंय म्हणून नाही. म्हणाला, मार्चमध्ये नवा माणूस येणार आहे, मग रजा घेतो आणि जातो. आता मार्च काही लांब नाही.

सासू


१९ फेब्रुवारी, दुपार

सूनबाई, सूनबाई,

झोपला!

कानात सांगितल्यासारखं हळू लिहितेय. पेनाचा आवाजसुद्धा नको. दाराशी स्टूल टाकून बसलेय, इथून त्याचे पाय दिसतात.

काल रात्रभर बाहेर होता. सकाळी आला तोच डोकं धरून. म्हणाला, डोकं फुटतंय, हाताला मुंग्या आल्यात. मी म्हटलं, जड पेट्या उचलतोस, मुंग्या येतील नाहीतर काय साप येतील? चहा केला, तो त्याच्या हातून अर्धा सांडला. पलंगावर बसला, बूट काढायला वाकला आणि तसाच आडवा झाला. मी बूट काढले. डाव्या पायातला, मग उजव्या पायातला. दोन्ही काळे होते, हेही सांगून ठेवते. आणि वळून बघते तर घोरतोय! घोरणं तरी कसलं, वरच्या मजल्यावर ऐकू जावं. असं घोरताना मी त्याला कधी ऐकलंच नव्हतं. दोन वर्षांची झोप तुंबली होती, ती बांध फोडून आली.

मी पहिलं काम काय केलं असेल? त्याचा फोन बंद केला आणि पिठाच्या डब्यात घातला. खोल, पार कोपरापर्यंत हात घालून. वाजू दे आता पिठात. मग दाराच्या घंटीत कापूस कोंबला. समोरच्या मास्तरीणबाईंकडे भिंतीला भोकं पाडायचं काम चाललं होतं, त्यांना जाऊन सांगितलं, आज बंद ठेवा, माझा मुलगा झोपलाय. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. कुणाचं लग्न ठरलं तरी माणूस इतक्या आनंदाने सांगत नाही.

त्याचा कामावरचा जोडीदार आला होता, तो टोपीवाला, भिंगरी ज्याची टोपी ओढते तो. दारात चुळबुळ करत उभा. "काकू, सकाळी बोलताना तो अडखळत होता. जीभ जड झाल्यागत. फोनपण लागत नाहीये. जरा बघू का?" मी म्हटलं, "झोपलेल्या माणसाला बघायला ती काय नवरी आहे? रात्रभर तुम्ही राबवायचं आणि जीभ जड झाली म्हणून सकाळी बघायला यायचं. जा, साहेबाला सांग, आज येणार नाही." गेला बिचारा. दोनदा वळून बघितलं त्याने. जरा जास्तच बोलले मी, पुढच्या वेळी चहा देईन.

मघाशी तर कमाल झाली. फडताळातून स्टीलची परात निसटली. फरशीवर पडून गोल गोल फिरत राहिली, माझा जीव नुसता मुठीत. धावत आत गेले. हा ढिम्म! कुंभकर्ण झालाय. तोंड एका बाजूला, उशीवर लाळ, थेट सतरंजीवरच्या पोरासारखा. मी वाकून पापणी बघितली. जड. अजिबात हलत नाही. सोंग नाही, काही नाही. खरी झोप.

ना गोळी, ना डॉक्टर, ना तुझा तो पट्टा. सुंठीवाचून खोकला गेला म्हणतात तो असा. तुझ्यावर कुरघोडी करायची म्हणून लिहीत नाही. (थोडी करायची म्हणून लिहितेय.) पण खरं सांगते, मला वाटलं तुलाच पहिलं कळवावं. ह्या घरात ही बातमी कळणारी तूच एक आहेस.

आता उठेल तेव्हा उठेल. जेवणही झाकून ठेवलंय. पाळणाघरात माझा एकच नियम होता, झोपलेल्याला उठवायचं नाही. आई दारात येऊन उभी राहिली तरी मी म्हणायचे, बस जरा, पुरं होऊ दे त्याचं.

टपालाची पेटी कोपऱ्यावरच आहे, हे टाकून लगेच येते. हा कुठे जातोय?

आई


७ मार्च, दवाखाना

सूनबाई,

माझं १९ तारखेचं पत्र, रजा संपून तू इथून परत गेल्यावर तुला मिळालं असणार. तुझ्या भावाच्या घरी ते टेबलावर पडून असेल आणि तू प्रवासाची पिशवी खाली ठेवून ते उघडलं असशील. मी पोस्टात जाऊन विचारलं होतं, परत मिळेल का म्हणून. पेटीत पडलेलं परत मिळत नाही म्हणाले. फाडून टाक, असं सांगायचा मला हक्क नाही.

तू इथे होतीस तेव्हा काही विचारलं नाहीस. डॉक्टरने तुझ्यादेखत मला विचारलं, केव्हापासून झोपला होता? मी म्हटलं, सकाळपासून. उठवून पाहिलं नाही? मी म्हटलं, मी झोपलेल्याला उठवत नाही. त्याने पेन खाली ठेवलं. "आजी, ती झोप नव्हती." तेवढंच म्हणाला आणि तुझ्याकडे वळून पुढचं सांगू लागला, मेंदूत रक्तस्राव, उजवी बाजू, बोलणं. तू मान हलवत होतीस. माझ्याकडे बघितलं नाहीस. मला वाटत होतं तू ओरडावंस. घरात असतीस तर ओरडली असतीस. तू नुसतं म्हणालीस, "आई, तुम्ही घरी जाऊन झोपा."

संध्याकाळचं तुला कुणी सांगितलेलं नाही, ते मी सांगते.

दिवेलागणीला मी चहा घेऊन आत गेले. आता फार झालं, जेवायला तरी उठवावं म्हटलं. पाळणाघरात पोरांच्या आया आल्यावर नाइलाजाने उठवावं लागलं तर मी तळपाय चोळायचे. हाका मारल्या की पोरं दचकतात, तळपाय चोळला की हसत उठतात. मी त्याचे तळपाय चोळले. डावा पाय त्याने आखडून घेतला. उजवा तसाच राहिला, जसा काही दुसऱ्या कुणाचा असावा. मी परत चोळला. मग जोरात. मग काय केलं मला आठवत नाही. मास्तरीणबाई धावत आल्या त्या माझ्या ओरडण्याने. त्यांनी त्याचं तोंड बघितलं आणि जिन्यावरूनच गाडीसाठी फोन लावला. मी पिठाच्या डब्यात हात घालून त्याचा फोन शोधत होते. का, ते विचारू नकोस. तुला कळवायला हवं होतं आणि माझा फोन माझ्या पदरापाशीच होता.

आणखी एक. यंत्र बिघडलेलं नव्हतं. पडलं होतं हे खरं, पण गादीवर पडलं. मी दोनदा पट्टा लावला, तो हसत होता, "आई, तूपण?" म्हणाला. दोन्ही वेळा वरचा आकडा दोनशेच्या घरात होता. मला त्या आकड्याचा अर्थ माहीत नव्हता असं म्हणून सुटता आलं असतं. पण तू मोठ्याने वाचायचीस तेव्हा दीडशेलाच तुझा चेहरा उतरायचा, हे मी बघितलेलं होतं. मी त्याला सांगितलं, मशीन मोडलं. तो म्हणाला, बरं झालं. आणि तुलाही मी तेच लिहिलं.

डॉक्टर म्हणतो, एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही. वर्षानुवर्षं मोडलेली झोप, डोक्यावरचा ताण, न बघितलेला रक्तदाब, सगळं मिळून होतं. चांगला माणूस आहे. पण मला तर एकच दिवस दिसतो. टोपीवाला दारात उभा आहे आणि मी त्याचं बोलणं हसण्यावारी नेऊन त्याला परत पाठवतेय.

तो आता डोळे उघडतो. बघतो. मी कोण हे त्याला कळतं, असं मला वाटतं. शब्द नाही. उजवा हात मी उचलते, सोडते, तो पडतो.

तुझ्याबद्दल एक लिहायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तू त्याच्या खाटेजवळच्या खुर्चीत झोपलीस. बसल्या बसल्या, मान खांद्यावर, तोंड उघडं. इतकी वर्षं एका घरात राहून मी तुला झोपलेलं कधी पाहिलंच नव्हतं. मी उठायचे तेव्हा तू उठलेली, मी पडायचे तेव्हा तुझा दिवा चालू. तू बत्तीस-तेहतिशीची असशील, तेव्हा चार वर्षांची दिसत होतीस. माझा हात पुढे गेला. मग मला भीती वाटली. मी तुझ्या नाकाशी बोट धरून श्वास बघितला आणि तुला हलवून जागं केलं. तू विचारलंस, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. तू वैतागलीस. आता सांगते, म्हणून उठवलं होतं.

आई


२६ एप्रिल, घरी

सूनबाई,

तुझं लांबलचक पत्र आलं. नोकरी सोडून येते, भिंगरीचं नाव इथल्या शाळेत परत घालते, त्याचं सगळं मी बघते. चार महिन्यांपूर्वी हेच वाचायला मी डोळे लावून बसले होते. तेव्हा आलं असतं तर मी गल्लीत मिठाई वाटली असती आणि वर तुला ऐकवलंही असतं, आलीस ना शेवटी?

येऊ नकोस.

रागाने "जा" म्हटलं होतं तसं हे नाही. ह्या वेळी शब्दाचा अर्थ शब्दाइतकाच आहे. तू लिहिलंस की तिकडे तुला झोप लागते. ओशाळून लिहिलंस, चोरी केल्यासारखं, "इथे मला झोप लागते हो आई, मला माझीच लाज वाटते." अगं, लाज कसली? ह्या घरातलं निदान एक माणूस झोपतंय. तू इथे आलीस की महिन्याभरात तुझा दिवा परत रात्रभर चालू राहील. मग कधीतरी त्या लॅबमधल्या सुईऐवजी दुसरं काहीतरी होईल आणि भिंगरीला कोण सांभाळणार? मी? मला कुणी पोर सांभाळायला देऊ नये.

सुट्टीत या. दोघी या. त्याला भिंगरी दाखव. आणि कागद, रजेचे पैसे, कंपनीशी भांडण, ते तुझ्याकडून होईल तेवढं तिथूनच कर, मला त्यातलं कळत नाही. टोपीवाला येतो दर रविवारी. ह्याची दाढी करतो. मला एका शब्दाने दोष देत नाही, म्हणून त्याच्यासाठी चहा करताना साखर दोनदा पडते.

इथलं सांगते. व्यायाम घेणारी मुलगी रोज येते, फार बडबडी. उजवा पाय थोडा धरतो आता, हात नाही. ती गेली की तो दमून झोपतो, आणि तो झोपला की मी मरते. दाराशी स्टूल तेच. थोड्या थोड्या वेळाने उठून जाते, नाव घेऊन हाक मारते, तळपाय चोळते. तो दचकून उठतो आणि बघतो माझ्याकडे. परवा त्या मुलीने पकडलं मला. "आजी, काय करताय? मेंदूला सावरायला झोपच लागते. हे असं उठवलंत तर बरा कसा होणार?" बघ म्हणजे. झोपवलं तिथे उठवायला हवं होतं, आणि उठवते तिथे झोपू द्यायला हवं. आयुष्यभर एकच विद्या होती हातात, तीही उलटीच लागू पडली.

मी झोपते का, असं तू विचारलंस. यंत्र आता टेबलावर असतं. त्याला लावते, लिहून ठेवते, तुला कळवते. मला लावायला ती मुलगी म्हणत होती. मी म्हटलं, माझं मोडलंय.

लावलं शेवटी. आकडा चांगला नाही. हे तुझ्यापासून लपवणार नाही असं ठरवलंय, म्हणून लिहिलं. गोळी सुरू केली आहे, घेते. रागावू नकोस.

आता काल दुपारचं. हे मला फोनवर सांगता आलं नसतं.

जेवण झालं होतं. मी त्याच्या पलंगाशी खाली चटईवर बसले होते, पलंगाला डोकं टेकून. माझी नेहमीची हाक मारून झाली होती. तो जागा होता. डाव्या हाताने चादर चाचपत होता, तसा तो नेहमी करतो. मला वाटायचं फोन शोधतोय. मग त्याच्या तोंडातून आवाज आला. नेहमीसारखा नुसता हुंकार नव्हता. शब्द होता. फुटका, पण शब्द.

"झोप."

दोन महिन्यांत पहिला. मी उठून बसले. म्हटलं, काय म्हणालास राजा? परत म्हणाला, "झोप."

एवढंच. आता मला सांग, सूनबाई, तुला त्याचं मन माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्याला झोप हवी होती का? की मी त्याला झोपू द्यावं, उठवू नये, असं म्हणत होता? की इतकी वर्षं जी आली नाही तिचं नाव एकदम आठवलं, एवढंच? की मलाच म्हणत होता, आई, झोप? एक शब्द, आणि माझ्या डोक्यात त्याचे चार अर्थ. आपल्या भाषेत मागणाऱ्याचा आणि सांगणाऱ्याचा शब्द एकच कसा गं?

मी विचारलं, तुला झोपायचंय? त्याने मान हलवली. हो की नाही ते मानेवरून कळत नाही अजून. मग त्याचा डावा हात पलंगावरून खाली आला आणि माझ्या खांद्यावर पडला. पडला म्हणजे आधी पडलाच, धप्पकन. मग उचलला. परत पडला. परत उचलला. आणि मग ते लयीत होऊ लागलं.

मी चटईवर आडवी झाले. म्हातारीने काय करायचं? डोळे मिटून घेतले. त्याचा हात उलटा, डावा, वाकडा पडत होता, कधी खांद्यावर तर कधी कानावर. मला झोप येणार नव्हती. माझे कान त्याच्या श्वासाकडे होते. पण तो दमत होता, हात कापत होता त्याचा, म्हणून मी श्वास जड केला. अगदी सतरंजीवरच्या शेवटच्या जागेवर तो करायचा तसा. म्हटलं, समजेल झोपले म्हणून, थांबेल बिचारा.

तो थांबला नाही. दुपार सरेपर्यंत थोपटत राहिला.

माझी पापणी हलत असणार.

आई